गो ऑफ आणि नुर्तेनबाई

नुर्तेनबाईंची आणि आमची ओळख झाली ती नासलेल्या दुधावरून. दिघ्याला डोंगराच्या पायथ्याशी कंपनीच्या खोल्या होत्या. खालच्या मजल्यावर आम्ही राहायचो आणि वर, पाहुण्या साहेबांसाठी राखून ठेवलेल्या दोन खोल्यांत, हे तुर्की जोडपं नुकतंच उतरलं होतं. नवरा हलील, कंपनीत नवं यंत्र बसवायला आलेला. बायको नुर्तेन त्याच्यामागून आलेली आणि दिवसभर वर एकटीच असलेली. एके सकाळी ती पातेलं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत दूध फाटून पाणी वेगळं झालेलं. "मिल्क गो ऑफ," ती म्हणाली. आई चुलीपुढून उठली, पातेल्यात डोकावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बोलते गं ती?" मी दहावीत होते, मराठी शाळेत. गो म्हणजे जाणे एवढं मला येत होतं आणि ऑफ हा शब्द आमच्या दिव्याच्या बटणावर कोरलेला होता. यातून दूध कुठे आलं ते मला कळेना. आईला मात्र इंग्रजीची गरज पडली नाही. तिने ते पाणी गाळून टाकलं, चोथ्यात गूळ घालून कढईत परतलं आणि वाटीत भरून त्या बाईच्या हातात दिलं. वर सांगितलं, "इथल्या उकाड्यात दोनदा तापवायला लागतं, नूरतनबाय." त्या दिवसापासून नुर्तेनची नूरतन झाली, ती आईच्या तोंडी शेवटपर्यंत नूरतनच राहिली.

आमच्या घराला दोन वास होते. एक सुकटीचा आणि एक बाबांच्या कपड्यांचा. सुकट, जवळा, बोंबील हे आईच्या माहेरचं. खाडीकाठच्या गावाहून तिचा भाऊ गोणी भरून आणायचा आणि ती अंगणात पसरून निवडत बसायची. बाबांच्या कपड्यांचा वास कंपनीचा. क्लोरीनचा तो वास सोड्यात उकळूनही जायचा नाही. बाबा घरी आले की मी आधी वास घ्यायची आणि मग चेहरा बघायची. आमची भातशेती नव्या शहरासाठी घेतली गेली तेव्हा बाबांना ही नोकरी मिळाली होती आणि नोकरीबरोबर ही खोली. जमीन गेल्याचं दुःख ते कधी बोलले नाहीत. जेवताना तांदळाची भाकरी मोडून तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, एवढंच.

आणि होता भोंगा. सकाळी, दुपारी, रात्री, पाळी बदलायच्या वेळी तो वाजायचा आणि आमचं सगळं त्याच्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला बाबांचा डबा बांधून तयार, दुपारच्या भोंग्याला भाताखालची आग मंद. या भोंग्यांची मला भीती वाटत नसे. भीती वाटायची ती अवेळी वाजेल त्याची. मी मुळातच भित्री. पाल दिसली तरी पाचावर धारण बसायची, दिवाळीत मुलं सुतळी बॉम्ब लावायची तेव्हा मी गोधडी डोक्यावर घेऊन बसायची. पण भोंग्याची भीती वेगळी होती, कारण ती खोटी नव्हती. पलीकडच्या एका कंपनीत काहीतरी फुटलं होतं तेव्हा त्यांचा भोंगा भर दुपारी वाजला होता आणि शेजारच्या कमलकाकूंच्या भावाचे दोन्ही हात भाजून निघाले होते. ते हात मी पाहिले होते. त्यानंतर कुठेही काही वाजलं की मी मनात बाबांची पाळी कोणती ते आठवायची.

दुपारी मी नुर्तेनबाईंकडे इंग्रजी शिकायला जाऊ लागले. शिकायला म्हणजे काय, दोन आंधळ्यांनी एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं ते शिकणं होतं. तिच्याकडे इंग्रजी क्रियापदांचं एक पुस्तक होतं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तुर्की. नवऱ्याची पुढची नेमणूक कुठेही होईल, तेव्हा आपल्याला इंग्रजी यायला हवं, असा तिने ध्यास घेतला होता. मला बोर्डाची परीक्षा होती आणि आमचे इंग्रजीचे सर 'गो ऑफ', 'पुट ऑफ' असल्या जोडक्रियापदांवर फार भर द्यायचे. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचो. गुळगुळीत कोब्यावर मी खडूने मराठी लिहायची, ती तुर्की, मध्ये इंग्रजी. संध्याकाळी ती ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ती दूध न घालता काळा चहा प्यायची, छोट्या काचेच्या ग्लासातून. आई एकदा वर आली तेव्हा तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे कोरा चहा सुतकातल्या घरी पितात. "सांग तिला, चांगल्या घरात असा पिऊ नये," आई मला हळूच म्हणाली. मी सांगितलं नाही. ते मला इंग्रजीत सांगता आलं नसतं.

'गो ऑफ'ला आम्ही जवळजवळ आठवडाभर चिकटून होतो. पहिला अर्थ दुधाने शिकवलाच होता, नासणे. तिच्या भाषेत बोझुल्माक. मग दिवे गेले. आमच्याकडे ते रोजच जायचे, त्यामुळे तो अर्थ कळायला वेळ लागला नाही. तिने हाताने वात विझवल्यासारखं केलं आणि म्हणाली, सोन्मेक. मग बॉम्ब फुटणे, पातलामाक. हा शब्द उच्चारतानाच ओठांवर फुटायचा आणि आम्ही दोघी हसलो. निघून जाणे, गित्मेक. एक अर्थ मला समजेना. तिने चहाच्या ग्लासाकडे बोट दाखवलं, थंड. मग छातीवर हात ठेवला आणि तोंड फिरवून बसली. एखाद्यावरून मन उतरणे. त्याला ती सोउमाक म्हणाली, निवणे. चहाही निवतो आणि माणसाबद्दल मनही निवतं, हे मला इतकं पटलं की मी ते दोनदा लिहिलं. शेवटी राहिली घंटा. अलार्म गो ऑफ, चाल्माक, वाजणे. तिने खडू खाली ठेवला आणि खिडकीतून कंपनीकडे बोट दाखवलं.

आता मी नेरूळला राहते. आमच्या सोसायटीखालून रुग्णवाहिका गेली तरी हातातला चमचा तसाच राहतो. मुलगी चेष्टा करते, "आई, टेन्शन घेऊ नकोस, सिग्नलला अडकलीय ती." मध्यंतरी तिने फोनवर तुर्की शब्द काढून ऐकवले. नुर्तेनबाईंचे उच्चार मी बरेच चुकीचे धरून बसले होते, असं त्यावरून कळलं. पण त्या फोनमधल्या बाईच्या आवाजात मला काही ओळखीचं वाटेना. मला ते शब्द फोडणीच्या धुरात, कोब्यावर मांडी घालून, कुणीतरी हातवारे करून सांगितलेलेच खरे वाटतात. परीक्षेत 'गो ऑफ' आलाच नाही, हेही सांगून टाकते.

घंटेचा अर्थ शिकलो त्या दिवशी नुर्तेनबाईंनी मला पुढे जे समजावलं ते धड्यातलं नव्हतं. हलीलने तिला सांगून ठेवलं होतं की भोंगा न थांबता वाजत राहिला तर गॅस सुटला असं समज. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, पाण्यासारखा सखल जागी जमतो. तेव्हा खाली उतरायचं नाही, कंपनीकडे जायचं नाही, ओलं फडकं नाकाला लावून डोंगर चढायचा. हे सगळं तिने पाच-सहा इंग्रजी शब्दांत आणि अंगाने करून दाखवलं. स्वयंपाकघरात वाकून जमिनीवर हात पसरला, मग टॉवेल नाकाला लावून स्टुलावर चढली. तिच्याकडे बघून हसू यायला हवं होतं. मी मनात बाबांची पाळी कोणती ते आठवू लागले. आमच्या बाबांना हे ठाऊक असणारच, मग त्यांनी आम्हाला का सांगितलं नाही? आज वाटतं, आम्ही रोज घाबरून बसू नये म्हणून सांगितलं नसेल. तेव्हा वाटलं, सांगण्यापलीकडचं काहीतरी असेल.

मी खाली आले आणि आईला सांगितलं. ती जवळा निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आनि मानसं बघायला कोन जाईल?" तिच्या माहेरी खाडीला बांध होता. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि मोठ्या उधाणाला तो कुठेतरी फुटायचाच. फुटला की हाक यायची आणि हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन धावायचं, जिथे फुटला तिकडे. कोण पेंढा टाकायचं, कोण चिखल. घरात थांबलेल्या माणसाला गाव विसरायचं नाही. आई लहान असताना तिच्या घरातून तीच धावायची, कारण तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. "हाक आली का पाय आपोआप सुटतात, बाय," ती म्हणाली. "डोंगर चढायला काय, आपन माकडं हाव?"

आणि मग एके दिवशी तो वाजला. दुपारची जेवणं उरकली होती, बाबा पहिल्या पाळीला गेलेले, सुटायला अजून वेळ होता. माझा धाकटा भाऊ बाळ्या ओटीवर झोपला होता. भोंगा सुरू झाला तेव्हा मला वाटलं आता थांबेल. आता थांबेल, आता थांबेल, असं मी मनात म्हणत राहिले आणि तो थांबला नाही. अंगणात आई उभी राहिली. तिने घमेल्यातला जवळा जमिनीवर ओतला, सगळाच्या सगळा, मातीत. पदर खोचला, घमेलं उचललं आणि धावली. कंपनीचं मागचं फाटक आमच्या खोल्यांच्या उतारावर खालीच होतं. शेजारपाजारच्या बायाही निघाल्या होत्या, कुणी अनवाणी, कुणाच्या हाताला पीठ. त्याही आमच्यासारख्याच खाडीकाठच्या, भूसंपादनानंतर इथे आलेल्या. सगळ्या खाली धावत होत्या. मी "आई, नको" म्हणून ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नुर्तेनबाई जिन्यावरून आल्या त्या ओले टॉवेल घेऊनच. त्यांनी आईला फाटकाच्या अलीकडे गाठलं आणि मागून पदर धरला. इंग्रजी त्यांच्या तोंडून पार पळालं होतं. आठवडाभर घोटलेलं एकही वाक्य त्यांना सुचलं नाही. "हावा!" त्या ओरडल्या आणि हात हलवून दाखवला. "झेहिर! हावा झेहिर!" मी मागोमाग पोचले होते. हवा आणि जहर. आमच्या गावची म्हातारी माणसंही विषाला जहर म्हणायची. आईला समजलं, तिचा चेहरा बघूनच कळलं की तिला पुरतं समजलं. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "जहर हाय तं माझा मानूसबी तितंच हाय ना!" आणि पदर सोडवून घेतला. जाता जाता मला म्हणाली, "बाळ्याला घे. हिच्यासंगं जा." तिने स्वतःसाठी टॉवेल घेतला नाही. घमेलं मात्र सोडलं नाही.

नुर्तेनबाईंचा नवराही आतच होता. हे मी तेव्हा विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या. आईच्या पाठोपाठ त्यांचं एक पाऊल खाली पडलेलं मी पाहिलं. मग त्या वळल्या, धावत जाऊन बाळ्याला झोपेतून उचलून कडेवर घेतलं आणि माझं मनगट धरलं. "युकारी," त्या म्हणाल्या, वर. आम्ही डोंगर चढू लागलो. काटे, दगड, करवंदीच्या जाळ्या, काही दिसत नव्हतं. बाळ्या रडत होता, टॉवेल नाकावरून ओढून काढत होता, आणि घशात तो वास शिरू लागला होता, बाबांच्या कपड्यांचा. ज्या वासाने बाबा घरी आल्याचं कळायचं त्याच वासाने माझे डोळे चरचरत होते. मी वळून बघायला लागले की नुर्तेनबाई मनगटाला हिसका द्यायच्या.

खूप वर गेल्यावर त्यांनी मला बसू दिलं. खाली बघितलं तर उतारावर पिवळट-हिरवं काहीतरी पसरलं होतं, जमिनीला धरून, गवतातून सरकणारं. त्याच्या पलीकडे रस्ता, त्याच्या पलीकडे खाडी, आणि वारा खाडीकडून सरळ आमच्या खोल्यांवर. फाटक दिसत होतं, पण माणसं ओळखू येत नव्हती. बाया कोणत्या, पुरुष कोण, उभे कोण, पडलेले कोण, काही कळेना. अचानक भोंगा बंद झाला. इतका वेळ मी तो थांबावा म्हणून देवाला आळवत होते आणि थांबल्यावर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आवाज होता तोवर तिथे कुणीतरी जिवंत आहे, बटण दाबतंय, असं वाटत होतं. खाली कधी धावत जाईन असं मला झालं. नुर्तेनबाईंनी मला घट्ट धरून ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते. त्या प्रार्थना करत असाव्यात, मीही करत होते. दोघींना एकमेकींच्या देवाचं नाव ठाऊक नव्हतं. बाळ्या थकून त्यांच्या मांडीवर झोपी गेला. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: दोघं गेले तर बाळ्याला मी कुठे घेऊन जाऊ? मामाकडे की काकाकडे? असा विचार आल्याचा मला इतका धसका बसला की मी मोठ्याने रडले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कंपनीचा एक माणूस हाका मारत डोंगर चढून आला. गॅस बंद केला होता, सगळ्यांनी खाली यायला हरकत नव्हती. "आमचे बाबा?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाव काय?" आणि मला नाव सांगायचं सुचेना. खाली येईपर्यंत मी ते आठवत होते. बाबा अंगणात उभे होते. भिजलेले, शर्ट काढलेला, डोळे लाल, पण आपल्या पायांवर उभे. त्यांना आत तोंडाला लावायचा मुखवटा मिळाला होता, सगळ्यांनाच मिळाला होता. हलीलही आला, जिन्याच्या पायरीवर बसला आणि नुर्तेनबाई त्याच्या पायातले बूट काढता काढता त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या.

मुखवटा मिळाला नव्हता तो फाटकावर धावलेल्या बायांना. टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेऊन परत आणलं होतं. आईला दोघींनी धरून उतरवलं. तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, ती एकसारखी खोकत होती, आणि घमेलं तिच्या हातात होतं. बाबांनी ते बघितलं. "ह्ये घेऊन कुठं निघालीवतीस?" ते ओरडले. "गॅस काय चिखल टाकून बुजवनार व्हतीस?" टेम्पोतल्या बाया हसल्या. आईही हसायला गेली आणि हसणं खोकल्यात अडकलं, ती तिथेच मातीत बसली, आपणच ओतलेल्या जवळ्यावर. बाबांनी तिला उचललं. आम्हा मुलांसमोर त्यांनी तिला हात लावलेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा वेळेवर वाजला. कंपनी बंद राहील असं मला वाटलं होतं. बाबा उठले, आंघोळ केली, कपडे घातले. आईने डोळ्यांना काही दिसत नसताना चाचपून भाकऱ्या थापल्या आणि डबा बांधला. मी दारात आडवी उभी राहिले. "नका जाऊ," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "बाय, शेत असतं तं घरी बसलो असतो." त्यांनी मला बाजूला केलं नाही, मी आपणहून झाले. ते उतारावरून निघाले. माझे बाबा कधी मागे वळून बघत नसत. निघाले की निघाले, मग कुणी हाक मारली तरी हात वर करून चालतच राहायचे. मी ओटीवर उभी होते, आई आतून भिंतीला धरून आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फाटकाशी गेले का?" तिने विचारलं.

"आता पोचतायत," मी सांगितलं.

बाबा फाटकाशी थांबले. त्यांनी वळून घराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मग आत गेले. भीती त्यांनाही वाटते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. काल डोंगरावरही वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

आईने सुजलेले डोळे त्या दिशेला लावले होते. "मागं बघितलं का गं त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि खोकत आत गेली.